मार खाल्ला ते नंतर, आधी तू कोण ते सांग

आधी कायद्यातला एक हिशोब बघा, कारण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो खोटाच वाटतो. एखादी ट्रान्स मुलगी, म्हणजे जन्मानं मुलगा म्हणून वाढवलेली पण स्वतः मुलगी असलेली, 17 वर्षांची आहे आणि तिच्यावर बलात्कार झाला तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा लागतो. पॉक्सोमध्ये मूल म्हणजे 18 च्या आतलं कुणीही, तिथे मुलगा-मुलगी-ट्रान्स असा भेद नाही, आणि शिक्षा कमीत कमी 10 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. आता ती 18 पूर्ण झाली. माणूस तोच, कृत्य तेच. तर आता तिच्यासाठी म्हणून खास केलेला कायदा पुढे येतो, 2019 मध्ये संसदेनं पास केलेला ट्रान्सजेंडर हक्क संरक्षण कायदा, आणि त्यातल्या कलम 18 मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, मानसिक, आर्थिक असे सगळे छळ एकाच ओळीत बसवून शिक्षा लिहिली सहा महिने ते दोन वर्षं. भर रस्त्यात शिवी दिली तरी तेवढीच, बलात्कार केला तरी तेवढीच.

बाईवर बलात्कार झाला तर भारतीय न्याय संहितेत कमीत कमी 10 वर्षं. मग ट्रान्स बाई ही बाई नाही का, असं तुम्ही विचाराल, आणि बरोबरच विचाराल, पण त्याचं उत्तर ठाणे अंमलदार, तपास अधिकारी, सरकारी वकील आणि जज यांच्या समजुतीवर लटकलेलं असतं आणि तोवर ती पोलीस स्टेशनच्या बाकड्यावर बसून असते.

बरं, दोन वर्षं हा आकडा नुसता कमी आहे एवढंच नाही. फौजदारी प्रक्रियेत असा नियम आहे की खास कायद्यातल्या गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल आणि त्या कायद्यात वेगळं काही लिहिलं नसेल तर तो गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र. आपल्या रोजच्या भाषेत एनसी. पार्किंगवरून शिवीगाळ झाली की जी एनसी घेतात तीच. कोर्टाचा आदेश असल्याशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, अटक तर लांबच. आता हे खरंय की या कायद्याबरोबर दुसरी कलमं लावायला कुणी अडवलेलं नाही, दुखापत आहे, डांबून ठेवणं आहे, धमकी आहे, लावता येतात आणि लावायलाच पाहिजेत, पण ती लावायची का नाही हे त्या रात्री ड्युटीवर कोण आहे त्यावर ठरतं. चांगला अधिकारी भेटला तर नशीब. कायदा नशिबावर चालायला नको, एवढंच माझं म्हणणं आहे.

जुन्या आयपीसीत 377 होतं, कायदा ज्याला अनैसर्गिक संबंध म्हणायचा त्याला गुन्हा ठरवणारं कलम. त्या कलमानं या कम्युनिटीचं किती वर्षं किती नुकसान केलं ते विसरता येणार नाही, पोलिसांनी हप्ते त्याच्याच नावावर उकळले. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं संमतीच्या संबंधांपुरतं ते रद्द केलं, म्हणजे जबरदस्तीसाठी ते शिल्लक होतं. 1 जुलै 2024 ला नवी संहिता लागू झाली आणि त्यात ते अख्खंच नाही. बदली काहीही आलं नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये याच मुद्द्यावर सुप्रीम कोर्टात याचिका गेली तेव्हा कोर्टानं सांगितलं की नवीन गुन्हा तयार करणं हे संसदेचं काम, आमचं नाही. कायद्याच्या दृष्टीनं बरोबर असेल. पण मग संसदेत हे कोण बोलणार, कारण 2011 च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात इतर या रकान्यात फक्त 40,891 लोक होते. हा आकडा खऱ्यापेक्षा कमीच आहे, कारण घरातलं मूल ट्रान्स आहे हे दारात आलेल्या गणना करणाऱ्याला किती आईबाप सांगतात? पण निवडणुकीच्या गणितात आकडा हाच धरतात.

मला सगळ्यात जास्त चुटपूट लागते ती 2013 ची. डिसेंबर 2012 मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर जस्टिस वर्मा समिती बसली, 23 जानेवारी 2013 ला रिपोर्ट दिला, आणि त्यात स्पष्ट शिफारस होती की बलात्काराच्या व्याख्येत पीडित व्यक्ती कुठल्याही जेंडरची असू शकते, आरोपी मात्र पुरुष असाच राहू दे. पुरुषांवर, ट्रान्स व्यक्तींवर असे हल्ले होतात हे वास्तव आहे, कायद्यानं ते बघितलं पाहिजे, असं समितीनं म्हटलं होतं. मग फेब्रुवारीत सरकारनं वटहुकूम काढला आणि त्यात दोन्ही बाजू न्यूट्रल करून टाकल्या, आरोपीसुद्धा. महिला संघटनांनी विरोध केला आणि तो विरोध मला आजही पटतो, मी स्वतः बायकांच्या केसेसमध्ये काम करते, नवऱ्यानं उलटी केस टाकून बाईला गप्प करायचं हे आम्ही रोज बघतो, बलात्काराचीच उलटी केस टाकता आली असती तर कुठली बाई तक्रार द्यायला पुढे आली असती. पण एप्रिलमध्ये कायदा आला तेव्हा दोन्ही बाजू परत जुन्यासारख्या करून टाकल्या, पुरुष आरोपी, बाई पीडित, बस. सुक्याबरोबर ओलंही जळलं. समितीनं मधला रस्ता अगदी सरळ शब्दात लिहून दिला होता, कुणी तो वाचून सोडून दिला का वाचलाच नाही, देव जाणे. आणि आपण, म्हणजे बायकांसाठी काम करणाऱ्या आम्ही सगळ्या, आमचा मुद्दा जिंकल्यावर पुढचा मुद्दा तेवढ्याच जोरात लावून धरायला हवा होता असं मला वाटतं. अजूनही वेळ गेलेली नाही.

आता घराकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे. लोकांना ट्रान्स व्यक्तीवर हिंसा म्हटलं की सिग्नल, हायवे, रात्रीचे गुंड, पोलिसांची काठी एवढंच डोळ्यासमोर येतं. ते आहेच. पण पहिला मार बहुतेकांना घरातच बसलेला असतो, बापाचा, भावाचा, काकाचा. केस कापायचे किंवा कापू द्यायचे नाहीत, खोलीत कोंडायचं, शाळा बंद करायची, भगताकडे न्यायचं, अंगारे धुपारे, मग मानसोपचारवाल्याकडे ओढायचं की याला ठीक करून द्या. नॅशनल मेडिकल कमिशननं 2022 मध्ये असं ठीक करण्याचे उपचार हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं, चांगलंच केलं, पण भगताला कुठलं कमिशन.

ट्रान्स पुरुषांचं तर कुणी नावच घेत नाही. जन्मानं मुलगी म्हणून वाढवलेलं पोर जेव्हा सांगतं मी मुलगा आहे, तेव्हा घरचा एकच उपाय असतो, लग्न. लग्न लावून दिलं की होईल सरळ. त्या लग्नात पहिल्या रात्रीपासून जे होतं त्याला आपल्या कायद्यात बलात्कार म्हणत नाहीत कारण नवरा आहे ना तो.

आमच्याकडे असाच एक मुलगा आला होता, घाट उतरून पुण्याला पळून आलेला, अंगावर मित्राचा शर्ट, खांद्याला एक कॉलेजची सॅक. घरच्यांनी फोन काढून घेतलेला, मामेभावाशी लग्न ठरवलेलं, नाही म्हटल्यावर भावानं बेल्टनं मारलेलं, पाठीवर बकलचे वळ स्पष्ट दिसत होते. वय 22. तिकडे घरच्यांनी पोलिसात मिसिंग दिली. हा इथे पोलीस स्टेशनला स्वतःहून हजर झाला, जबाब दिला की मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीनं आलोय, मला घरी जायचं नाही. जबाब लिहिताना नावाच्या आधी कुमारी लिहिलं. तो काही बोलला नाही. मग समोरचे साहेब चांगल्या आवाजात म्हणाले, अगं बाळा, आई रडतीये तिकडे, एकदा बोल तरी. फोन लावून दिला, स्पीकरवर. आई खरंच रडत होती आणि मागून भाऊ ओरडत होता. हे त्या साहेबांनी वाईट मनानं केलं असं मी म्हणणार नाही. पण ज्या घरातून मार खाऊन माणूस पळालाय त्याच घराला तो कुठे बसलाय ते कळवणं ही मदत नाही, आणि नवऱ्याच्या मारातून पळालेल्या बाईच्या बाबतीत हे करायचं नाही एवढं तरी आता बऱ्याच पोलीस स्टेशनांना कळलंय. मद्रास हायकोर्टाच्या जस्टिस आनंद वेंकटेश यांनी जून 2021 मध्ये सांगितलं होतं की अशा सज्ञान व्यक्तींच्या मिसिंग तक्रारी जबाब घेऊन बंद करा, छळ करू नका. मार्च 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं पण कोर्टांना बजावलं की अशा केसमध्ये काउन्सेलिंगच्या नावाखाली माणसाची ओळख बदलायला जाऊ नका, घरच्यांच्या दबावाकडे लक्ष द्या. हे कागद आमच्या फाइलमध्ये आहेत, बहुतेक पोलीस स्टेशनांत नाहीत.

पुढची गंमत नव्हे, गुंता बघा. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा माहेरच्या माणसांनाही लागतो, बाप, भाऊ, आई सगळ्यांना, 2016 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यातला सज्ञान पुरुष हा शब्दच काढून टाकला त्यामुळे आरोप कुणावरही करता येतो. पण अर्ज करणारी व्यक्ती मात्र महिला पाहिजे, असं व्याख्येत लिहिलंय. या मुलाचं आधार कार्ड अजून जुन्याच नावानं, मुलगी म्हणूनच होतं. म्हणजे त्याला संरक्षण आदेश मिळू शकत होता, पण अर्ज करायचा तो मुलगी म्हणून. आणि त्यानं कलेक्टरकडच्या ट्रान्सजेंडर सर्टिफिकेटसाठी पोर्टलवर अर्ज भरायला घेतलेला, तो मिळाला आणि पुढे कागदावर पुरुष झाला की हा दरवाजा बंद. वकील म्हणाले सर्टिफिकेटचं थोडं थांब. एका सरकारी कागदानं मिळणारी ओळख घ्यायची तर दुसऱ्या सरकारी कायद्याचं संरक्षण सोडायचं. तो दोन दिवस विचार करत बसला होता आणि शेवटी त्यानं अर्जच केला नाही, ना हा ना तो, कामाला लागला आणि शहर बदललं.

आणि 2019 च्या कायद्याला हे घर कसं दिसतं? त्यातलं कलम 12 म्हणतं ट्रान्सजेंडर मुलाला आईवडिलांपासून वेगळं करायचं नाही, कोर्टाच्या आदेशाशिवाय नाही, आणि घरच्यांना सांभाळणं जमत नसेल तर कोर्टानं त्या व्यक्तीला पुनर्वसन केंद्रात पाठवावं. कलमाचा हेतू समजतो, आईबापांनी पोराला हाकलून देऊ नये असा असेल. पण घर सोडून जाणं हाच ज्याचा जीव वाचवायचा मार्ग आहे त्याच्यासाठी काय? घर नाहीतर केंद्र. ज्यांनी कित्येक पिढ्या हाकललेल्या पोरांना पोटाशी धरलं ती हिजडा घराणी, ते एकत्र राहायचे डेरे, ते घर चालवणारा तो गुरू, यांचा कायद्याला पत्ताच नाही.

इथे कुणी म्हणेल डेऱ्यात पण मारहाण होते, दंड बसतो, कमाई काढून घेतात, सोडून जायचं म्हटलं तर जमात वाळीत टाकते. होतं, सगळीकडे नाही पण होतं, आणि त्यावर कम्युनिटीतले लोकच आता उघड बोलतात. मी ते झाकणार नाही. पण त्याचं कारण हेच आहे ना की त्या पोरीला तिसरी जागा नाही. घरचा मार का गुरूचा मार एवढाच चॉइस असेल तर गुरू जे करेल ते सहन करावं लागणार. जिला रात्री दोन वाजता सुरक्षित जाता येईल असं एखादं ठिकाण आहे तिला गुरूपण जरा जपूनच वागवतो.

जोडीदाराचं तसंच. ज्याच्याबरोबर राहतात तो नवरा म्हणा, गिरिया म्हणा, लग्न कागदावर नसतं बऱ्याचदा. घर भाड्यानं घ्यायचं तर ट्रान्स बाईला कुणी देत नाही, म्हणून भाडेकरार त्याच्या नावावर, डिपॉझिट हिच्या बधाईच्या, म्हणजे आशीर्वाद देऊन मिळालेल्या, नाहीतर पगाराच्या पैशातलं. गॅस त्याच्या नावावर. सिमकार्डसुद्धा. कधी कधी हिचे पैसे त्याच्याच अकाउंटला जातात कारण हिचे कागद जुळत नाहीत. मग तो मारायला लागला की ही कुठे जाणार, आणि गेलीच तर जाताना हातात काय असणार? वर धमकी ठरलेली, तुझ्या गावाला सांगीन, तुझ्या ऑफिसला जुने फोटो पाठवीन.

मार्च 2023 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या जस्टिस अमित बोरकर यांनी बारामतीच्या एका केसमध्ये फार महत्त्वाचं म्हटलं, की सर्जरी करून स्त्री म्हणून जगणारी ट्रान्सजेंडर व्यक्ती कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात पीडित म्हणून येऊ शकते, तिला पोटगी मागता येते. निकाल वाचून आम्ही सगळ्यांनी एकमेकींना फोन केले होते. पण त्या केसमध्ये सर्जरी झालेली होती. ज्यांची सर्जरी झाली नाही, पैसे नाहीत म्हणून किंवा करायचीच नाही म्हणून, त्यांचं काय? ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांवरच्या 2014 च्या नालसा निकालात सुप्रीम कोर्टानं स्वच्छ सांगितलंय की ओळखीसाठी सर्जरीचा आग्रह धरता येणार नाही. मग हातात काठी घेतलेल्या नवऱ्यापासून वाचायला ऑपरेशनचा कागद कशाला लागावा?

हॉस्पिटलमध्ये काय होतं ते पण सांगते. कॅज्युअल्टीत पहिला घोळ केसपेपरवर, मेल का फिमेल. मग वॉर्ड कुठला. मग आया, वॉर्डबॉय, इंटर्न एकेक करून पडद्यातून डोकावून जातात. एकीच्या वेळी मी पडद्यापाशी पाठ करून उभी राहिले होते, दुसरं काही सुचलं नाही. ती आतून सारखी म्हणत होती, ताई जाऊ नका हां. खरं तर आरोग्य मंत्रालयाची लैंगिक हिंसेच्या तपासणीची 2014 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि त्यात ट्रान्स आणि इंटरसेक्स व्यक्तींची तपासणी कशी करायची हे वेगळं लिहिलेलं आहे, एफआयआर नसला तरी उपचार द्यायचे हेही लिहिलंय. बहुतेक ड्युटी डॉक्टरांनी ते उघडलेलं नसतं. आणि एक गोष्ट डॉक्टर हमखास विसरतात, ट्रान्स पुरुषाला गर्भ राहू शकतो. दाढी आहे, आवाज भारी आहे, टेस्टोस्टेरॉन चालू आहे, म्हणून इमर्जन्सी गोळी द्यायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही, आणि टेस्टोस्टेरॉन म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. सप्टेंबर 2022 च्या गर्भपाताच्या निकालात सुप्रीम कोर्टानं बाई या शब्दात अशा व्यक्तीही धरल्या आहेत. म्हणजे कोर्टाला कळलं, कॅज्युअल्टीला अजून नाही.

नवं काही शून्यातून उभारायला नको आहे, हे मला मुद्दाम सांगायचंय. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात महापालिका आणि सेहत संस्थेनं मिळून हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी दिलासा केंद्र सुरू केलं त्याला दोन दशकं होऊन गेली. टिसनं, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेनं, मुंबईत पोलिसांबरोबर बायका-मुलांसाठीचा स्पेशल सेल चालू केला 1984 मध्ये, सोशल वर्कर पोलिसांच्याच जागेत बसलेली, खाकी नाही, पण तिचा शब्द तिथे चालतो. हे मॉडेल आपलं आहे, महाराष्ट्राचं आहे, चालतं हे सिद्ध झालेलं आहे. त्याच सेलमध्ये कम्युनिटीतली एक व्यक्ती पगारावर बसवा, मानधन नाही, पगार. सखी वन स्टॉप सेंटर आहेत, 2015 पासून, तिथे पाच दिवसांपर्यंत राहता येतं, पण स्कीम बायका आणि मुलींसाठी. बलात्कार, अ‍ॅसिड हल्ल्यातल्या पीडितांना आर्थिक मदत देणारी मनोधैर्य योजना, 2013 ची, महिला आणि बालकांसाठी. दोन्हीकडे जीआरमध्ये एक ओळ वाढवायची आहे. ट्रान्स व्यक्तींसाठीची केंद्र सरकारची निवारा केंद्रं, गरिमा गृहं आहेत ती पायलटमध्ये देशभरात 12 निघाली, एकेका ठिकाणी 25 जण, आता या देशाचा आकार बघा आणि हा आकडा बघा. शिवाय 2020 च्या नियमांत प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरच्या हाताखाली ट्रान्सजेंडर प्रोटेक्शन सेल असेल असं छापलेलं आहे, तुमच्या जिल्ह्यात तो कुठल्या मजल्यावर आहे हे एकदा जाऊन विचारा.

शेल्टरबद्दल एक आक्षेप नेहमी येतो, आमच्याच मैत्रिणींकडून येतो, की ट्रान्स बायका आल्या तर आधीच घाबरलेल्या बायकांना भीती वाटेल. भीती वाटते, पहिल्या दिवशी वाटते, मी खोटं बोलणार नाही. पण जातीची पण अडचण व्हायची, धर्माची पण व्हायची, एचआयव्ही असलेल्या बाईच्या ताटावरून तर किती भांडणं झाली, म्हणून कुठल्या शेल्टरनं त्यांना रस्त्यावर ठेवायचं असं धोरण केलं नाही, खोल्या नीट लावल्या, स्टाफला ट्रेन केलं, बोलणं घडवून आणलं. आणि ज्यांना वेगळीच जागा हवी आहे, ट्रान्स पुरुषांना तर हवीच, त्यांच्यासाठी वेगळी खोली, वेगळा फ्लॅट हे पण लागणार, आणि त्याला पैसे लागतात, सदिच्छा नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल, तोवर कुणीतरी आज रात्री तुमच्या दारात येऊ शकतं, तर थोडं व्यवहाराचं. ती सांगेल त्या नावानं हाक मारा. एचआयव्हीची लागण टाळायची पीईपी औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकं बरं, म्हणून पोलीस आधी का दवाखाना आधी असा प्रश्न पडला तर दवाखाना. अंगावरचे कपडे धुवायला टाकू नका, कागदी पिशवीत ठेवा. पोलीस स्टेशनला गेलात तर कुठल्याही पोलीस स्टेशनला झिरो एफआयआर देता येतो, हद्द आमची नाही हे उत्तर घेऊ नका, आणि एनसीवर भागवत असतील तर मारहाण, डांबणं, धमकी ही कलमं तोंडानं सांगा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आणि तिच्या घरी फोन करू नका, ती स्वतः कर म्हणेपर्यंत.